बाराशेतले सोळा किलोमीटर

चार बाय चार गाडी घेतलेल्याला पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात एक प्रश्न हमखास पडतो. कंपनीने दिलेले एचटी, म्हणजे हमरस्त्याचे टायर ठेवावेत, की ऑल-टेरेन, दुकानदाराच्या भाषेत ‘एटी’, घालावेत? रोजचा प्रवास ऑफिसचा. अधूनमधून शेत, गडाचा पायथा, घाटमाथ्यावरचं एखादं गाव. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात टायरच्या दुकानांतून हा वाद रोज झडतो आणि बहुतेक वेळा गाडी कशी दिसते यावर मिटतो. त्याचं मला वाईट वाटतं. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये तळहाताएवढ्या चार जागा असतात, आणि घरच्यांचा जीव त्या चार जागांवर असतो. माझ्या मते इथे तोलायच्या गोष्टी दोनच आहेत: ओलं डांबर आणि धारदार दगड.

दोन्ही बाजू नीट मांडता याव्यात म्हणून त्या एका भाचीच्या आणि तिच्या मामांच्या तोंडी दिल्या आहेत. भाची कोथरूडला राहते, हिंजवडीला नोकरी करते, जिम्नी चालवते. भोर तालुक्यात घरची शेती आहे आणि शेताआधीचे शेवटचे चार किलोमीटर पाणंदीचे आहेत. मामांचं पुणे-सातारा रस्त्यावर टायरचं दुकान. जोडी कल्पित आहे, पण दोघांचं म्हणणं कुठल्याही दुकानात ऐकायला मिळेल असंच आहे.

भाची: मामा, मी ठरवूनच आले आहे. पाचही टायर एटी घालायचे.

मामा: पाच म्हणालीस, म्हणजे स्टेपनी धरलीस. बरं वाटलं. बरेच जण चार बदलतात आणि स्टेपनी जुन्या मापाची ठेवतात. मग आडरानात चाक बदललं की एक लहान, तीन मोठी. आता मला सांग, महिन्याला गाडी किती चालते?

भाची: ऑफिसला जाऊन-येऊन चाळीस, बावीस दिवस. शेतावर महिन्यातून दोनदा, एका खेपेला दीडशे.

मामा: म्हणजे 880 आणि 300. बाराशेच्या आसपास. त्यात पाणंद किती?

भाची: जाताना चार, येताना चार. दोन खेपांचे सोळा.

मामा: बाराशेतले सोळा. बाकी सगळं डांबर नाहीतर काँक्रीट. तू टायर सोळा किलोमीटरसाठी घेतेयस, बाळ.

भाची: हा हिशेब मला पटत नाही. हायवेवर पंक्चर झालं तर दहा मिनिटांत कुणीतरी सापडतं. पाणंदीत टायरची बाजू फाटली तर तिथे ना रेंज, ना पंक्चरवाला. मागच्या पावसात आमच्या शेजारच्यांची गाडी ओढ्याजवळ रात्रभर पडून होती. धोका काही किलोमीटरच्या प्रमाणात वाटलेला नसतो.

मामा: नसतोच. म्हणूनच सांगतो, मोठा धोका कुठे आहे ते आधी बघ. पाणंदीत तू ताशी दहाने जातेस. तिथे टायरने दगा दिला तर तू अडकशील, कपडे भरतील, घरी उशिरा पोचशील. आता जुलै महिना धर. शेतावरून परत येतेस, कात्रजचा नवा बोगदा संपला, नवले पुलाचा उतार लागला, पाऊस लागलाय, मागे माल भरलेला कंटेनर आहे आणि पुढच्याने करकचून ब्रेक मारला. तिथे गाडी दहा-पंधरा फूट उशिरा थांबली तर काय होईल, ते तुला सांगायला नको.

भाची: पण एटीच्या खाचा मोठ्या असतात. पाणी जास्त बाहेर फेकलं जाणार. पावसात एटी चांगला चालायला हवा.

मामा: पाणी साचलेलं असेल तिथे तुझं बरोबर. डबक्यातून जाताना मोठ्या खाचेचा फायदाच आहे, चाक तरंगत नाही. पण आपल्या रस्त्यावर बहुतेक वेळा साचलेलं पाणी नसतं, पाण्याचा पातळ थर असतो. त्यात धूळ, त्यात डिझेलचा तवंग. तो थर फोडायचं काम मोठ्या खाचेचं नाही. ते काम रबराच्या ठोकळ्यांवर ज्या बारीक चिरा असतात त्यांचं, आणि रबर कसलं आहे त्याचं. शिवाय खाच मोठी म्हटल्यावर तेवढं रबर कमी टेकणार. एटीचं रबर दगडावर तुकडे उडू नयेत म्हणून पुष्कळदा कडक ठेवतात. कडक रबर, कमी टेकणारं रबर, आणि उंच ठोकळे. नव्या एचटीची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते, एटीची 10 ते 12. ब्रेक मारला की ते उंच ठोकळे आधी वाकतात, मग धरतात.

भाची: हे सगळ्या एटींना लागू नाही. आताच्या एटींमध्ये सिलिका असते, चिरा असतात. 1976 साली बीएफगुडरिचने आपला ऑल-टेरेन आणला, त्याला आता जवळजवळ पन्नास वर्षं झाली. रबर पुष्कळ पुढे गेलंय.

मामा: गेलंय, नाही म्हणत नाही. चांगला एटी आणि रद्दी एचटी समोरासमोर ठेवलेस तर मीसुद्धा एटीच उचलीन. पण त्याच कंपनीचा, त्याच दर्जाचा एचटी आणि एटी घे. ओल्या डांबरावर एचटी आधी थांबतो. यात मला कधी शंका आली नाही.

इथे मी मामांच्या बाजूने आहे. ऑल-टेरेन टायरची जी वर्णनं दुकानात ऐकायला मिळतात, त्यांत ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबते हे फारच क्वचित येतं. आपल्याकडे वर्षातले चार महिने रस्ते ओले असतात, आणि सह्याद्रीच्या भटकंतीचा हंगामही तोच. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबोली, सगळ्या घाटांत लोक गर्दी करतात ती जून ते सप्टेंबर. म्हणजे ज्या दिवसांत एटी घातलेल्या गाड्या सर्वांत जास्त बाहेर पडतात, त्याच दिवसांत त्यांची कमजोर बाजू सर्वांत जास्त उघडी पडते. शेवाळलेल्या जांभ्यावर तर कुठलाच टायर धरत नाही.

भाची: ओल्या डांबराचं कबूल. आता माझ्या दगडांबद्दल बोला.

मामा: बोल तू. रस्ता कसा आहे?

भाची: सुरुवातीला मुरूम टाकलेला आहे, तो ठीक. मग ओढ्यापर्यंत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतत-रुतत गेले की चाकोऱ्या खोल होतात, आणि दिवाळीनंतर ती माती वाळून कडक होते. त्या चाकोरीच्या भिंतींतून काळ्या पाषाणाचे तुकडे बाहेर आलेले असतात, कोयत्याच्या पात्यासारखे. जिम्नीची चाकं ट्रॅक्टरच्या चाकोरीत नीट बसत नाहीत. एका बाजूचं चाक आत, दुसरं कडेवर घासत जातं. तळाला काही होत नाही, घासते ती टायरची बाजू. हे बघा, डाव्या पुढच्या टायरवर ओरखडे आहेत, आणि ही एक चीर. आत दोरा दिसतोय का बघा.

मामा: (वाकून, बोटाने चीर उघडून बघत) दोरा नाही दिसत. वरचं रबर कापलंय. पण आणखी दोन मिलिमीटर आत गेली असती तर टायर गेला होता. तळाला खिळा घुसला तर मी आतून पॅच लावून देईन, दोन वर्षं चालेल. बाजूच्या भिंतीला भोक पडलं तर दुरुस्ती नाही. कुणी करून देतो म्हणाला तरी करू नकोस. तो भाग चालताना सारखा वाकत असतो, पॅच टिकत नाही.

भाची: म्हणूनच म्हणते, मला चिखलासाठी एटी नकोय. मला ही बाजू वाचवायचीय.

मामा: आता तू मुद्द्याचं बोललीस. इथे एटीचं काम आहे. चांगल्या एटीचे ठोकळे कडेवरून खाली बाजूपर्यंत उतरलेले असतात. चाकोरीच्या भिंतीला आधी ते ठोकळे लागतात, पातळ भाग नंतर. पण नुसतं ‘ए/टी’ लिहिलंय म्हणून बाजू जाड आहे असं धरून चालू नकोस. ये इकडे, वाचून दाखवतो.

इथे दोन टायर शेजारी उभे आहेत असं समजा. मामा बॅटरीच्या उजेडात बाजूवरची बारीक अक्षरं वाचतात. पुष्कळ टायरांवर मापापासून थोडं दूर, बारीक ठशात दोन ओळी असतात. एक तळाची: पॉलिएस्टरचे दोन थर, स्टीलचे दोन, नायलॉनचा एक. दुसरी बाजूची: पॉलिएस्टरचे दोन थर. शेजारच्या टायरवर बाजूच्या ओळीत तीन थर लिहिलेले. दोन्हींची नक्षी लांबून सारखीच दिसते, दोन्हींवर ए/टी हीच अक्षरं आहेत. फरक आहे तो या एका आकड्यात. टायर घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ शोधून वाचावी, आणि त्याच बाजूवर लंबगोलात कोरलेले शेवटचे चार आकडेही वाचावेत. 2225 असेल तर तो टायर 2025 च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला असतो. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावात घेण्याचं काहीही कारण नाही.

भाची: मग तीन थरांचाच द्या.

मामा: थांब. तीन थरांचे बहुतेक टायर ‘एलटी’ असतात, मालवाहू हलक्या गाड्यांच्या जातीचे. मापाच्या आधी एलटी लिहिलेलं असतं. ते जड असतात आणि तेवढंच वजन पेलायला त्यांना हवा जास्त लागते. मोठ्या अमेरिकी पिकअपला, मागे टन-टन माल टाकणाऱ्याला ते ठीक. तुझी जिम्नी किती किलोची?

भाची: बाराशेच्या आसपास. माणसं-सामान धरून कंपनीची मर्यादा दीड टनाच्या थोडी वर.

मामा: आणि कंपनीच्या टायरवर काय लिहिलंय? 195/80 आर 15, पुढे 96 एस. 96 म्हणजे एक टायर 710 किलो पेलतो. एस म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंतचा वेग. चार टायर मिळून अठ्ठावीसशे किलो. तुझ्या गाडीला वजनाची काही अडचण नाही. दहा प्लायच्या ताकदीचा एलटी टायर या गाडीखाली घातलास तर तो दबणारच नाही. खड्ड्यात गाडी उडेल, दगडावरून टुणकन सरकेल, ओल्या रस्त्यावर आणखी वाईट धरेल. जाड टायर म्हणजे चांगला टायर, ही समजूत हलक्या गाडीला महागात पडते.

भाची: मधला मार्ग?

मामा: आहे. एलटी नसलेला, साध्या जातीचा एटी, ज्याचे ठोकळे खांद्यावरून खाली उतरलेत असा. नाहीतर एलटीमध्येच सर्वांत हलका, सी लिहिलेला, म्हणजे सहा प्लायचा. महिन्याला सोळा किलोमीटर आणि तेही ताशी दहाने, याला मी पहिला घेईन. रोज खाणीत नाहीतर धरणाच्या कामावर गाडी जात असती तर दुसरा घेतला असता.

भाची: आणि चिखलाचं? ओढ्यापलीकडची पट्टी काळ्या मातीची आहे.

मामा: तिथे एटी तुझं काही भलं करणार नाही. काळी माती चिकट. पहिल्या दोन फेऱ्यांत खाचा भरतात, मग वर नक्षी कुठली का असेना. एमटी, म्हणजे खास चिखलाचे टायर, त्यांच्या खाचा मोठ्या, चाक जोरात फिरवलं की चिखल उडून जातो, पण त्याला इंजिनात जोर लागतो आणि जागाही लागते. तुझ्या बांधावर दोन्ही नाही. शिवाय एमटी घालून रोज हिंजवडीला जायचं म्हणजे गाडीत बोललेलं ऐकू यायचं नाही. शेतकरी काय करतो? वाफसा यायची वाट बघतो. तूही बघ.

भाची: भातलावणीच्या दिवसांत वाफसा कुठून येणार?

मामा: मग गाडी ओढ्याअलीकडे मुरमावर ठेवायची आणि पोतं खांद्यावर घ्यायचं. तुझे आजोबा काय करत होते? आणखी एक सांगतो, याला पैसे पडत नाहीत. तू पाणंदीत शिरताना हवा कमी करतेस?

भाची: नाही.

मामा: कर. दाराच्या चौकटीवर कंपनीने हवेचा आकडा दिलाय, तो डांबरासाठी. मुरूम-दगडाला 22 पीएसआयपर्यंत उतरव. टायर दगडावर आदळण्याऐवजी दगडाला लपेटून घेतो, धक्का कमी, पकड जास्त. वाळूत किंवा मऊ मातीत 18 पर्यंत जा. पण चाकोरीतल्या धारदार दगडांत 18 नको, कारण हवा कमी झाली की बाजू बाहेर फुगते आणि तीच दगडाला लागते. 15 च्या खाली तर जाऊच नकोस, वळताना टायर रिमवरून सुटायचा. डांबर लागलं की आधी हवा भरायची. कमी हवेवर हायवेला वेग घेतला तर टायर आतून तापून फाटतो.

भाची: रोज-रोज हवा कुठे भरणार?

मामा: बारा व्होल्टचा पंप घे. चिमटे थेट बॅटरीला लावायचे असतात तसला, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा नको. आणि स्वतःचा गेज घे, कारण पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत. तुला सांगतो, 20 हवेतला एचटी हा 32 हवेतल्या एटीपेक्षा मुरमाच्या चढावर बरा चढतो. लोक टायरला पैसे मोजतात आणि हवेला पाच मिनिटं देत नाहीत.

हवेबद्दलचं मामांचं हे बोलणं मला संपूर्ण लेखात सर्वांत मोलाचं वाटतं. इगतपुरीला महिंद्रच्या ऑफ-रोड शिकवणी केंद्रात काय किंवा गावच्या ट्रॅक्टरवाल्याकडे काय, शहाणी माणसं आधी हवा, मग गिअर, मग चाक कुठून न्यायचं ती वाट, आणि शेवटी टायर, या क्रमाने बोलतात. लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून, ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी आपल्या चालीने चढू दिली, तर बहुतेक पाणंदी साध्या टायरवर पार होतात. जिम्नीत एक चाक हवेत फिरू लागलं की गाडी आपणहून त्याला ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे पाठवते. हे सगळं विकत घेतलेलं असताना ते वापरायला न शिकता टायरवर पैसे घालणं मला चुकीचं वाटतं.

भाची: आता मापाचं बोलू. सगळे 235/75 घालतात. मोठं चाक, जास्त उंची.

मामा: कॅल्क्युलेटर काढ. 195/80 आर 15 चा व्यास किती येतो?

भाची: रिम 381 मिलिमीटर. 195 चे ऐंशी टक्के 156, दोन्ही बाजूंचे 312. एकूण 693.

मामा: आणि 235/75?

भाची: 733 आणि अर्धा. चाळीस मिलिमीटर जास्त.

मामा: त्यातले निम्मे, वीस मिलिमीटर, गाडी उंच होणार. त्या विसासाठी काय द्यायचं ते ऐक. चाक जवळजवळ सहा टक्क्यांनी मोठं, म्हणजे काटा शंभर दाखवेल तेव्हा तू 106 ने जात असशील. इंजिन दीड लिटरचं, टर्बो नाही, जोर 134 न्यूटन-मीटर. त्यातला सहा टक्के जोर चाकाशी पोचतानाच कमी झाला. घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर पडणार. चाक जड आणि मोठं, म्हणजे ते थांबवायला ब्रेकला जास्त मेहनत. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर कुठेतरी घासणार. मागच्या दारावर जड स्टेपनी, बिजागऱ्यांवर भार. आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस पहिला टायरच्या मापावर बोट ठेवणार.

भाची: 215/75?

मामा: तो 703 आणि अर्धा. दीड टक्का मोठा, गाडी पाच मिलिमीटर उंच. गाडीला फारसं काही कळणार नाही, पण पाच मिलिमीटरने तुला मिळणार तरी काय? थोडी रुंदी आणि भरलेलं दिसणं. तुझ्याच मापात चांगला एटी मिळत असेल तर तोच घे. अरुंद टायर मुरमात खाली दाबून धरतो, त्यातही फायदा आहे.

आवाज आणि ॲव्हरेज यांवर दोघांचं फारसं वाजलं नाही. एटी गुणगुणतो, काँक्रीटवर जास्त. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने जाताना तो आवाज डोक्यात बसतो. कंपन्या ठोकळे मुद्दाम कमी-जास्त लांबीचे करतात, म्हणजे आवाज एका सुरात न येता पसरतो, आणि नव्या टायरवर ते साधतंही. पण ठोकळे एका बाजूने झिजले की हळूहळू आवाज वाढतो. म्हणून एटी घातले तर दर 7 ते 8 हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करायची, स्टेपनीसकट पाचही. चार बाय चार गाडीला हे दुप्पट महत्त्वाचं. पुढचे नवे आणि मागचे गोटा, अशा चाकांवर चार बाय चार लावलं की दोन्ही धुरा वेगळ्या गतीने फिरतात आणि तो ताण मधल्या गिअरपेटीवर येतो. पेट्रोल थोडं जास्त लागतंच, कारण टायर जड असतो आणि ओढायला जोर लागतो.

टायरवरच्या ‘एम+एस’ या अक्षरांवरही एक शब्द. चिखल आणि बर्फासाठी, असा त्यांचा अर्थ. हा शिक्का नक्षीच्या ठेवणीवरून कंपनी स्वतःच देते, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. चाचणी झालेल्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र असतं. स्पितीला हिवाळ्यात जाणाऱ्याने ते चित्र बघावं. भोरला जाणाऱ्याला त्याची गरज नाही.

भाची: मामा, मग शेवटी तुमचं म्हणणं एचटीच घ्या असं आहे का?

मामा: तू चीर दाखवेपर्यंत तसंच होतं. आता नाही. दर महिन्याला दगडी चाकोरीतून जाणाऱ्या गाडीला एचटी देऊन मी तुला आडरानात पाठवणार नाही. पण घ्यायचा तर तुझ्याच मापाचा, एलटी नसलेला, डांबराकडे झुकलेला एटी. ठोकळ्यांवर बारीक चिरा भरपूर असलेला. ओल्या रस्त्यावर आजवर जेवढं अंतर सोडत होतीस त्यापेक्षा जास्त सोडायचं. हे मला तोंडी कबूल कर, मगच टायर चढवतो.

भाची: कबूल. आणि आताचे एचटी?

मामा: नक्षी किती उरलीय? (खाचेत गेज घालून) पाच मिलिमीटर. कायद्याने 1.6 पर्यंत चालतात, पण पावसात मी 3 च्या खाली कुणाला जाऊ देत नाही. हा चीर पडलेला सोडून बाकीचे रस्त्यावरच चालणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडतील. ते फुकट जाणार नाहीत.

भाची: मला आणखी एक पटलंय. मी एटी मागायला आले तेव्हा मनात हरिहरेश्वरचा किनाराही होता.

मामा: किनाऱ्यावर गाडी न्यायचीच नाही. कुठल्याही टायरवर नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर मला मामांपेक्षा जरा मोठ्याने बोलायचं आहे. एटी टायर घातले की माणसाला रस्ता सोडावासा वाटतो, आणि महाराष्ट्रात रस्ता सोडण्याच्या ज्या जागा डोळ्यांत भरतात त्याच सर्वांत नाजूक आहेत. भरतीत अडकलेल्या गाड्यांच्या बातम्या कोकणातून दर हंगामात येतात. पण गाडी अडकली नाही म्हणजे नुकसान झालं नाही असं होत नाही. वेळास, आंजर्ले इथल्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालतात. ती घरटी वरून दिसत नाहीत. कासच्या पठारासारख्या सड्यांवर जांभ्यावर मातीचा जेमतेम थर असतो, आणि पावसाळ्यातली सगळी फुलं त्या थरावर जगतात. तिथे ओल्या दिवसात चाकाने पाडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ होते आणि माती घेऊन जाते. कासचं पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे. त्याच्या आसपासच्या शेकडो सड्यांना असं नाव नाही, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारंही कुणी नाही. पाणंद, वहिवाटीचा गाडीरस्ता, डांबर संपल्यावरचा मुरमाचा रस्ता, हे एटीचं क्षेत्र. तेवढं पुष्कळ आहे.

तुमच्या महिन्याच्या हिशेबात दगडी वाट अजिबात नसेल, फार्महाउसपर्यंतची खडी आणि वर्षातून एखादा गडाचा पायथा एवढंच असेल, तर एचटी ठेवा आणि वाचलेल्या पैशांतून पंप, गेज आणि ओढायचा पट्टा घ्या. भाचीसारखी वाट असेल तर एटी घ्या, आणि मे महिन्यात घ्या. नव्या टायरवर साच्यातून काढताना लागलेला गुळगुळीत थर असतो, आणि तो जाईपर्यंत टायर पूर्ण धरत नाही. पहिले तीनशे-चारशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर, सावकाश चालवा, म्हणजे पहिल्या पावसाच्या आत तो थर निघून गेलेला असेल.